गच्चीवरच्या भाज्यांसाठी ५० टक्केवाली (म्हणजे निम्मं ऊन अडवणारी) हिरवी शेडनेट, दोन उन्हाळे वापरून
आमच्या नागपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, स्लॅब असा तापतो की चपलेशिवाय पाय ठेवता येत नाही, तिथे वांगी-मिरची जगवायची म्हणजे रोजची धडपड. मागच्या वर्षी ही नेट घेतली आणि खरं सांगते, नवतपात (मे अखेरच्या त्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत) झाडं वाचली ती हिच्यामुळेच. दुकानदार ७५ टक्केवाली घ्या म्हणत होता पण तिच्याखाली फळभाज्यांना ऊन कमी पडतं, नुसता पाला वाढतो, फळधारणा होत नाही. झाडांच्या शेंड्यापासून दोन-तीन फूट वर बांधा, हवा खेळली पाहिजे. आता कुंडीत वाळलेल्या पानांचा जाड थर आणि सकाळी ६ च्या आत पाणी, एवढं केलं की दुपारी ३ वाजता बोट खुपसलं तरी खाली ओल लागते, आधी माती पार कडेपासून सुटून यायची. भेंडी, गवार, चवळी छान चालली. टोमॅटोची फुलं मात्र गळालीच, एवढ्या उष्णतेत ती टिकत नाहीत, त्याला नेट काय करणार.

एकच तक्रार, कडेला आयलेट (दोरी ओवायची कडी बसवलेली भोकं) नव्हते, पहिल्याच वावटळीत कोपरा टरकला. मग कड दुमडून आत नायलॉनची दोरी ओवून शिवून घेतली, तेव्हापासून हललेली नाही. घेताना आयलेटवालीच मागा.