पॉइंटऐवजी केलेला स्पीड क्लास, माझा अनुभव

स्पीड कॅमेऱ्यात सापडलो तेव्हा दोनच पर्याय होते, लायसन्सवर पॉइंट (म्हणजे नियम मोडल्याबद्दल लागणारे दंडाचे गुण) घ्या नाहीतर वेगाबद्दलचा ऑनलाइन क्लास करा, मी क्लास घेतला आणि खरंच सांगतो, प्रत्येकाने करावा असा आहे. सर कुणाला ओरडत नाहीत, हिशोब करून दाखवतात. ताशी ५० किमीला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते, म्हणजे पाय ब्रेकवर जायच्या आतच तेवढं अंतर गेलेलं असतं, आणि वेग दुप्पट केला की ब्रेक दाबल्यावर थांबायचं अंतर चौपट होतं!! हे ऐकून पोटात गोळा आला, शाळेसमोरून मी कसा जायचो ते आठवलं.

तक्रार एकच, पॉइंटची माहिती फार घाईत उरकली. ब्रिटनमध्ये ३ वर्षांत १२ पॉइंट झाले की सहसा लायसन्स जातं, नवीन ड्रायव्हरचं तर पहिल्या २ वर्षांत ६ लाच रद्द होतं. इटलीत उलटं, आधी २० देतात आणि चुकीप्रमाणे कापत जातात. हे नीट सांगायला अजून अर्धा तास हवा होता. पाचपैकी चार स्टार.