सेप्टिक टँक की दोन शोषखड्डे?

संडास बांधायचा म्हटला की गवंडी हमखास सेप्टिक टँक सुचवतो. पण टाकीतून बाहेर पडणारं पाणी जंतूंनी भरलेलंच असतं, त्यालाही शोषखड्डा लागतो. तो खर्च वाचवून पाइप गटारात सोडला की डास आलेच. शिवाय दर दोन-तीन वर्षांनी टाकीतल्या गाळाचा उपसा. तेव्हा टँकर बोळात शिरेल का, हे आधी बघा.

दोन खड्ड्यांना जाळीदार विटांचं बांधकाम, तळ मोकळा, मध्ये मीटरभर अंतर. संडासाचा पाइप जिथून दोन्ही खड्ड्यांकडे फुटतो, त्या चेंबरचं एक तोंड विटेनं बंद ठेवायचं, म्हणजे एका वेळी एकच खड्डा वापरात राहतो; दोन्ही एकदम सुरू केले तर सगळं मुसळ केरात. भरलेला खड्डा दोन वर्षं झाकून ठेवला की खत तयार. गॅस मातीत जिरतो, व्हेंट पाइप नको. काळ्या मातीत भोवती 30 सेंटिमीटर वाळू-खडी भरा. विहीर खड्ड्यांपासून किमान 10 मीटर दूर हवी. भेगाळ खडकात त्याहूनही जास्त.