फास्टर फेणेचा संच : ‘ट्टॉक्’ मला जमत नाही

भाचा चौथीत आहे. मराठी पुस्तक उघडलं की जांभया सुरू. ताईने फर्मान काढलं, “मामा आहेस ना, मग कर काहीतरी!” म्हणून भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मागवला, 20 पुस्तकांचा अख्खा संच. खोका एका कोपऱ्यात चेपलेला आला. वर विक्रेत्याने एक पुस्तक दोनदा घालून दुसरं गाळलेलं. ते मिळायला दहा दिवस गेले. एक तारा त्याबद्दल कापतोय, भागवतांचे पाचच्या पाच शाबूत.

पहिली दोन पुस्तकं मी मोठ्याने वाचून दाखवली. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, काडीपैलवान, सायकलवर सुसाट. मधूनच तोंडाने ‘ट्टॉक्’! तो आवाज वाचणाऱ्याला काढावाच लागतो आणि मला काही केल्या जमत नाही. भाच्याला जमतो. तिसरं पुस्तक त्याने माझ्या हातातून ओढूनच घेतलं.

भागवत मुलांशी बोबडं बोलत नाहीत, म्हणून ते मुलांना आवडत असावेत. योगायोग मात्र पोत्याने आहेत. फेणे जाईल तिथे चोर हजर! सलग पाच वाचल्यावर मला ते खुपायला लागलं. भाच्याला तसं म्हटलं, तर म्हणतो, “चोर नसेल तर तो तिथे जाईल कशाला?” त्याची अडचण वेगळीच होती : मोबाइल नसताना हा फेणे आपल्या मित्राला, सुभाष देसाईला, निरोप कसा देतो?

एवढं लिहिणाऱ्या माणसाचा फेणे हा एक कोपरा झाला. बिपिन बुकलवार हा दुसरा बालनायकही त्यांचाच, ‘बालमित्र’ मासिक त्यांनी चालवलं, फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती त्यांनी दिला. पत्नी लीलावतीबाईही मुलांसाठीच लिहायच्या. भागवतांचा जन्म 1910 चा, गेले 2001 साली. 2017 च्या ‘फास्टर फेणे’ चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी खुद्द भागवत उभे केलेत, पण त्यातला फेणे मोठा झालेला आहे. आधी पुस्तकातला शाळकरी भेटू द्या.

जादा आलेलं पुस्तक विक्रेत्याने परत मागितलंच नाही. ते भाच्याने बाकावरच्या मैत्रिणीला दिलं. आता ती पुढचं मागतेय आणि हा पठ्ठ्या द्यायला तयार नाही.