नव्या गाडीचे सहा-सात महिने: गाडी झकास, डीलरशी वाद, आणि 850 रुपयांचा ट्रँगल

गाडीचे स्पेक्स लिहीत बसत नाही. 1.2 पेट्रोल, मॅन्युअल, चार मीटरच्या आतली, तुम्ही यूट्यूबवर दहा वेळा बघितली असेल. कंपनीचं आणि डीलरचं नाव मुद्दाम टाकत नाही, एक तर प्रकरण अजून पूर्ण मिटलेलं नाही आणि दुसरं म्हणजे चार मित्रांना विचारलं तर चौघांचे ब्रँड वेगळे पण शोरूममधले डायलॉग अगदी सेम. तेव्हा नाव कळून फायदा नाही, काय-काय लावतात ते कळलं तर आहे.

बुकिंग गणपतीच्या आधी केलं, 11 हजार भरून. 15 ऑगस्ट 2025 च्या पंतप्रधानांच्या भाषणात जीएसटी कमी होणार असं येऊन गेलं होतं आणि शोरूममध्ये शुकशुकाट, नुसते सेल्सवाले एकमेकांकडे बघत बसलेले. आमचा सेल्सचा पोरगा म्हणाला, सर गणपतीच्या मुहूर्तावर उचला, 35 हजार कॅश डिस्काउंट देतो, जीएसटीचं अजून काही नक्की नाही. आमचं मिरजेत हार्डवेअरचं दुकान आहे, दिवसभर जीएसटीची बिलंच काढतो, मी म्हटलं बाबा मी थांबतो, तू गाडी ठेव. 3 सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलचा निर्णय आलाच, आधी 28 टक्के जीएसटी आणि वर 1 टक्का सेस (जादा कर) असे 29 होते त्याचे सरळ 18, लागू 22 सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेपासून. नऊ लाख एक्स-शोरूमची गाडी सव्वाआठच्या आत आली. शिवाय आपल्याकडे महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स किमतीच्या 11 टक्के, त्यामुळे तिथेही आठ-एक हजार वाचले. घरी सगळे खूश, मी एकदम हुशार माणूस ठरलो.

हा आनंद शोरूमला जाईपर्यंतच. 35 हजारांचा डिस्काउंट गायब. "सर तो ऑगस्टचा ऑफर होता." बरं, बुकिंगच्या पावतीवर मागे बारीक अक्षरात छापलेलं असतंच की डिलिव्हरीच्या दिवशीचा रेट लागू, त्यामुळे कायद्यानं भांडायला जागा कमी. पण पोरानं कोटेशनचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता, पेनानं लिहिलेला, 35 हजार लेस, आणि त्याच्यावर कुठलीही तारीख-मुदत नाही. तो फोटो मॅनेजरच्या टेबलावर ठेवला तेव्हा 15 हजार डिस्काउंटवर गाडी आली. मॅनेजरनं त्याचं रडगाणं पण सांगितलं, की जुना स्टॉक सेस भरून घेतलेला, आता गाड्यांवर सेसच नाही म्हटल्यावर त्या भरलेल्या सेसचं क्रेडिट (पुढच्या सेसमधून वजा करायची रक्कम) वळतं कुठे करायचं, पैसे अडकले. ही गोष्ट खरी आहे, धंद्यात असल्यामुळे मला पटलीही. पण साहेब, तुमचं अडकलेलं क्रेडिट माझ्या कोटेशनमधून का काढताय?

कारण काढत होतेच. फायनल शीट आली त्यात "हँडलिंग चार्जेस 6,500". कसले म्हणून विचारलं तर यार्डातून गाडी आणणे, वॉशिंग, पेट्रोल. अहो, यार्ड तुमचं, शोरूम तुमचं, एक्स-शोरूम किंमत म्हणजे शोरूममध्ये उभ्या गाडीची किंमत, मग आतल्या आत फिरवायचे पैसे मी कशाला देऊ? मी खिळ्यांचं पोतं गोडाउनमधून दुकानात आणायचे वेगळे लावले तर गिऱ्हाईक तेच खिळे मला मारेल. हा ना टॅक्स आहे ना आरटीओची फी. एक साधं वाक्य वापरा: "या रकमेचं वेगळं टॅक्स इनव्हॉइस द्या आणि त्यावर हँडलिंग असंच लिहा." आमच्याकडे हे म्हटल्यावर मॅनेजर उठून आत गेला तो अर्धा तास आलाच नाही. त्या दिवशी शीटवरची ही लाइन निघाली नाही, पुढं पैसे कसे परत आले ते खाली येतंय.

आरटीओच्या खात्यात पण असंच. रोड टॅक्स साडेनव्वद हजार, रजिस्ट्रेशन 600, लोन असेल तर बँकेचा बोजा चढवायचे 1,500, आरसीच्या कार्डाचे 200, आणि किरकोळ काही. शीटवर एकच आकडा, "आरटीओ 1,01,500". सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरची फी भरल्याची पावती मागा, ती निघतेच, ती लपवून ठेवता येत नाही. फरक निघाला तो परत घ्या.

इन्शुरन्सवर सगळ्यात मोठी जुंपली. त्यांचा 47 हजार, बाहेर त्याच आयडीव्हीला (विम्यात धरलेली गाडीची किंमत), झिरो डेप (क्लेममध्ये घसारा कापत नाहीत ते) धरून, 31 हजार. लोकांना वाटतं बाहेरचा म्हणजे काहीतरी कमी असणार. नाही हो. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) एकदम घ्यावा लागतो, 2018 पासून, आणि 1000 ते 1500 सीसीला त्याचा रेट ठरलेला आहे, 10,640, कुठल्याही कंपनीकडे जा तेवढाच. म्हणजे फरक सगळा ओन डॅमेजमध्ये (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग) आणि ॲड-ऑनमध्ये. डीलरच्या पॉलिसीत पंधरा लाखांचा पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर पण घातलेला, तो माझा आधीच आहे. पोरगा म्हणतो बाहेरून घेतला तर डिस्काउंट जाईल, मग म्हणतो कॅशलेस होणार नाही, शेवटी तर म्हणाला वॉरंटीला प्रॉब्लेम येईल. वॉरंटीचा आणि इन्शुरन्सचा काडीचा संबंध नाही. डीलरनं स्वतःकडूनच विमा घ्यायची सक्ती करायची नाही असा विमा नियामक आयआरडीएआयचा नियम आहे, 2017 पासून. मी म्हटलं "बाहेरून इन्शुरन्स घेतला म्हणून डिस्काउंट काढला" एवढं लेटरहेडवर लिहून द्या. नाही दिलं. पॉलिसी बाहेरूनच घेतली. (कॅशलेस त्याच वर्कशॉपमध्ये चालतं, मी नंतर विमा कंपनीच्या यादीत बघितलं.)

मग गाडी बघायला यार्डात गेलो. पोरगा म्हणाला जुलै मॅन्युफॅक्चरिंग. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायरला 0825 आणि 0925. फेब्रुवारीच्या शेवटी बनलेले टायर जुलैपर्यंत कारखान्यात पडून राहत नाहीत सहसा. बॉनेटवर मातीचा थर, वायपरचं रबर उन्हानं कडक झालेलं. चासिस नंबरवरून दुसऱ्या शहरातल्या ओळखीच्या सर्व्हिसवाल्याला विचारलं, मार्चची गाडी. मी म्हटलं ही नको. मार्चची गाडी घ्यायला हरकत नाही पण मग मार्चच्या गाडीचा डिस्काउंट द्या, जुलै सांगून कशाला. विकताना आरसीवरचा महिना-वर्षच बघतात लोक. दुसरी ऑगस्टची मिळाली, रंग पांढरा मिळाला, बायकोला ग्रे हवा होता, हा विषय घरी अजून चालू आहे. फॉर्म 21 (विक्रीचा दाखला) आणि 22 (कंपनीचा गाडी रस्त्यालायक असल्याचा दाखला) मागून चासिस नंबर पैसे भरायच्या आधी जुळवून बघा, सगळे पैसे गेल्यावर तुमचा आवाज कोण ऐकत नाही.

आता किट, म्हणजे ॲक्सेसरीज.

"बेसिक किट, 11,900, कंपल्सरी." कंपल्सरी कुणी केलं? "सर सगळ्या गाड्यांना बसवूनच येतं." ब्रेक-अप मागितला तर म्हणे पॅकेज आहे. दसरा दोन दिवसांवर, वडिलांनी गुरुजींना वेळ देऊन ठेवलेली, बँकेचा डीओ (गाडी द्या असं लोनचं पत्र) गेलेला, आणि मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला की आता गाडी घेऊन जा साहेब, किटचं आणि हँडलिंगचं दसरा झाल्यावर बसून मिटवू, शब्द देतो. दसऱ्याला गाडी घरी आली. शब्द तिथंच शोरूममध्ये राहिला.

किटचं बिल मेल-मेल करून शेवटी मिळालं, आणि ते बघून माझं डोकं फिरलं ते अजून जाग्यावर नाही. मॅट, मडफ्लॅप, परफ्यूम, टिश्यू बॉक्स, की-चेन, बॉडी कव्हर, ठीक आहे, महाग लावलंय पण वस्तू तरी आहे. आणि मग एक ओळ, "सेफ्टी ट्रँगल, 1 नग, 850", म्हणजे गाडी बंद पडली की मागे रस्त्यावर ठेवायचा तो लाल चमकणारा त्रिकोण. अहो ट्रँगल गाडीबरोबर येतो! जॅक, पाना, ट्रँगल, फर्स्ट एड, हे कंपनी देते, ओनर्स मॅन्युअलमध्ये चित्रासकट छापलंय कुठे ठेवलाय ते. मग मला कळेना हा कुठला ट्रँगल. जानेवारीत अंकलीच्या पुढं रात्री पंक्चर झाली तेव्हा उलगडा झाला. डिकीत वरतीच किटच्या पिशवीतला ट्रँगल होता, तो उघडला तर एक पाय वळवताना तुटून हातात, आणि स्टेपनी काढायला खालचं फळकूट उचललं तर तिथं कंपनीचा, निळ्या कव्हरमध्ये, सीलबंद, जड बुडाचा, ट्रक गेला तरी हलला नाही. माझ्याच दुकानात तसला तकलादू ट्रँगल 180 ला मिळतो. हँडलिंगचे साडेसहा हजार मला इतके लागले नाहीत जितके हे 850 लागले. बायको म्हणते सोडून द्या. नाही सोडणार.

कंपनीच्या कस्टमर केअरला मेल केला, उत्तर आलं की आपली तक्रार डीलरकडे पाठवली आहे. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याचकडे. ते असं का करतात ते नंतर वाचनात आलं. गोव्यातल्या एका गिऱ्हाइकाची केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, फेब्रुवारी 2021 चा निकाल, 2011 चं मॉडेल म्हणून पैसे घेतले आणि डीलर द्यायला लागला 2009 ची, ती पण 622 किलोमीटर पळालेली. कोर्टानं त्या गाडीच्या कंपनीला, टाटा मोटर्सला, त्यातून सोडलं, कारण कंपनी आणि डीलर यांचा व्यवहार प्रिन्सिपल टू प्रिन्सिपल, म्हणजे दोघं स्वतंत्र, डीलर कंपनीचा एजंट नाही, डीलरनं परस्पर काय केलं ते कंपनीला माहीत होतं असं दाखवता आलं नाही. डीलर सुटला नाही. म्हणजे शोरूमच्या लबाडीसाठी कंपनीच्या नावानं बोंबलून फारसं हाती लागत नाही, गाडीत मूळचा दोष असेल तर गोष्ट वेगळी. नोटीस डीलरला द्यायची.

1915 वर फोन केला, नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइन, फुकट आहे, तक्रारीचा डॉकेट नंबर मिळाला. सोबत डीलरला एक साधं पत्र स्पीड पोस्टानं, की अमुक तारखेपर्यंत हँडलिंग आणि किटचे पैसे आले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगात जातो. आता ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येतं, वकील लागतोच असं नाही, आणि पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला फी किती, तर 200 रुपये. ट्रँगलपेक्षा स्वस्त! दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे घाई पण नाही. पत्र पोचलं आणि मॅनेजरचा फोन, साहेब आपले घरचे संबंध, असं का करता, 6,500 चं सर्व्हिस कूपन देतो. मी म्हटलं कूपन नको, जसे गेले तसे बँकेत येऊ दे. थोडी ओढाताण झाली, आले. किटच्या बाबतीत मात्र "वस्तू वापरल्या आहेत सर" वर अडून बसलेत. मी लिहिलंय की मॅट वापरतोय, मॅटचे ठेवा, ट्रँगल परत घ्या, 850 द्या, हा घ्या तुटक्या पायाचा फोटो. उत्तर नाही.

गाडीबद्दल पण लिहितो नाहीतर रिव्ह्यू कसला. मायलेज गावात 14-15, हायवेला 90 नं चालवली तर 19 पर्यंत, ई-20 (20 टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमुळे किती कमी झालं ते कळायला मार्ग नाही कारण आता दुसरं सहसा मिळतच नाही. सस्पेन्शन मस्त, मिरज-पंढरपूर रोडला चार जण आणि सामान असून खाली घासली नाही. दुसऱ्या गिअरला स्पीडब्रेकरवरून उचलताना दम कमी पडतो, एसी चालू असेल तर जास्तच. वायरलेस अँड्रॉइड ऑटो अधूनमधून तुटतं, केबल लावली की ठीक. हेडलाइट पावसात कमी वाटतात.

आणि एक गोष्ट कबूल करायला पाहिजे, मी ठरवलं होतं सर्व्हिसिंगला कोल्हापूरला जायचं, ह्यांचं तोंड बघायचं नाही. पण दोन्ही सर्व्हिसिंग इथंच केल्या आणि वर्कशॉप म्हणजे वेगळाच कारभार निघाला. मागच्या डाव्या दरवाज्यातून खडखड यायची, सर्व्हिस ॲडव्हायझर स्वतः मागे बसून माझ्याबरोबर चक्कर मारून आला, आतली क्लिप निघालेली, वॉरंटीत बदलली, एक शब्द बोलावा लागला नाही. जॉब कार्डवर इंजिन कोटिंग आणि एसी क्लीनिंग आधीच टिक केलेलं होतं, मी विचारायच्या आत त्यानंच खोडलं, म्हणाला इतक्यात गरज नाही अण्णा. त्या माणसामुळे दोन स्टार वाढवतोय. सेल्सच्या पोराबद्दल पण राग उतरलाय, तो नोकरी सोडून गेला, जाताना भेटला तेव्हा म्हणाला की इन्शुरन्स आणि किट गेलं नाही तर इन्सेंटिव्हच कापतात, गाडी विकून त्यांना काही सुटत नाही. मॅनेजर अजून तिथंच आहे.

परवा सर्व्हिसनंतर कंपनीचा फीडबॅकचा फोन आला. वर्कशॉपनं आधीच सांगून ठेवलेलं, दहापैकी दहा द्या, नऊ दिले तरी आम्हाला शून्य धरतात. वर्कशॉपला दहा दिले. मग बाईंनी विचारलं खरेदीच्या अनुभवाबद्दल काही सांगायचंय का, म्हटलं हो, लिहून घ्या, एक नग ट्रँगल. त्यांनी स्पेलिंग विचारून लिहून घेतलं. संध्याकाळी मॅनेजरचे तीन मिस्ड कॉल. बिलाची मूळ प्रत घेऊन सोमवारी जातोय, काय होतं ते इथंच खाली टाकतो.