गोदाम कुठे काढायचं? नकाशा, एक्सेल की पायथन

१ जुलै २०१७ पूर्वी गोदामांची जागा बरीचशी कर ठरवत असे. परराज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागायचा. तोच माल तिथल्या स्वतःच्या गोदामात नुसता हलवला तर लागायचा नाही. म्हणून कंपन्या राज्यागणिक गोदाम ठेवत. मुंबईत शिरताना जकात होती, त्यामुळे माल भिवंडीत उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. जीएसटी आला आणि ही दोन्ही कारणं संपली. जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत सलग खुला आहे. तरी अनेक गोदामं जुन्या हिशेबानेच जागच्या जागी आहेत.

हा हिशेब नव्याने मांडायचा असेल तर तीन वाटा आहेत: नकाशावर गुरुत्वमध्य काढणं, एक्सेलमध्ये पर्याय तपासणं आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत पूर्ण मॉडेल लिहिणं.

गुरुत्वमध्याची रीत सगळ्यांत लोकप्रिय आहे आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त फसवणारीही. प्रत्येक गावाचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, तिथल्या मालाच्या वजनाने गुणायचे, सरासरी काढायची. पाच मिनिटांत नकाशावर ठिपका येतो. तो का चुकतो ते एका रस्त्यावरच पाहू. समजा महिन्याला ६० गाड्या आमणेच्या टोकाला लागतात आणि ४० गाड्या ७०० किलोमीटरवर नागपूरला. सरासरी येते आमणेपासून २८० किलोमीटरवर, साधारण छत्रपती संभाजीनगरच्या आसपास. तिथून ६० गाड्या २८० किलोमीटर आणि ४० गाड्या ४२० किलोमीटर धावतील, म्हणजे ३३,६०० गाडी-किलोमीटर. गोदाम सरळ आमणेलाच ठेवलं तर फक्त ४० गाड्या ७०० किलोमीटर जातील, म्हणजे २८,०००. ‘मधली’ जागा २० टक्के महाग पडली. कारण सरासरी ही अंतराच्या वर्गांची बेरीज कमी करते, आणि ट्रकवाला भाडं घेतो ते अंतराचं, अंतराच्या वर्गाचं नाही.

हा प्रश्न जुना आहे. आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये तो कारखान्यांसाठी मांडला आणि एन्ड्रे वाइसफेल्ड यांनी १९३७ मध्ये त्यावर सोपी उकल दिली: सरासरी काढताना प्रत्येक गावाच्या वजनाला तिथवरच्या अंतराने भागायचं आणि ठिपका स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा काढत राहायचं. गुरुत्वमध्य वापरायचाच असेल तर निदान असा वापरा. तरीही नकाशाला घाट दिसत नाही. महाड आणि पुणे सरळ रेषेत जवळ आहेत, पण मध्ये सह्याद्री आहे आणि पावसाळ्यात वरंधा घाट अवजड वाहनांना अनेकदा बंद असतो. कुठला भाग आधी धुंडाळायचा एवढं या रीतीने कळतं, भाडेकरार करण्याइतकं नाही.

एक्सेलपाशी आलं की प्रश्न बदलतो. आता जागा कुठेही नसते, ती तुम्ही पाहून आलेल्या जागांपैकीच असते. ही मोठी सुधारणा आहे, कारण प्रत्येक जागेचं खरं भाडं आणि खरं रस्त्याचं अंतर हाती असतं. एक्सेलमधला सॉल्व्हर, म्हणजे अटी पाळून सर्वांत स्वस्त उत्तर शोधणारं साधन, २०० चलांपर्यंत (ठरवायच्या आकड्यांपर्यंत) चालतो. ८ जागा आणि २४ गावं घेतली तर ‘कुठून कुठे’ची १९२ चलं आणि ‘उघडायचं की नाही’ची ८, अशी बरोबर २०० भरतात. तो वापरलात तर पर्यायांमध्ये जाऊन पूर्णांकासाठीची सहनशीलता शून्य करा. मुळात ती १ टक्का असते, म्हणजे उत्तर सर्वोत्तमाच्या १ टक्क्यात आलं की सॉल्व्हर थांबतो.

पण ८ जागांसाठी मी सॉल्व्हरही लावणार नाही. ८ जागांचे उघड्या-बंदचे सगळे मेळ २५५. एकेका मेळासाठी एक ओळ घ्या, प्रत्येक गावाला उघड्यांपैकी स्वस्त गोदाम द्या, भाडं मिळवा आणि ओळी खर्चाने लावा. यात पहिलं उत्तर तर मिळतंच, शिवाय दुसरं, पाचवं, दहावं त्याच्या किती जवळ आहे हेही दिसतं. बहुतेक वेळा पहिल्या काही ओळींत फरक नगण्य असतो. मग जिथे माणसं मिळतात, वीज टिकते, मालक ओळखीचा आहे ती जागा निर्धास्त घ्यावी. मात्र गोदामं लहान असतील आणि स्वस्त गोदाम भरून काही गावं दुसरीकडे ढकलावी लागणार असतील, तर ही सोपी रीत कोलमडते.

पायथनची गरज तिथून सुरू होते. ३० जागा आणि ३०० गावं घ्या: ९,०३० चलं आणि उघड्या-बंदचे १०७ कोटींहून जास्त मेळ. इथे एडिंबरो विद्यापीठात घडलेला हाय्स (HiGHS) किंवा सीबीसी असा फुकट सॉल्व्हर साध्या लॅपटॉपवरही सहसा पुरतो. शिवाय सापडलेलं उत्तर सर्वोत्तमापासून फार तर किती टक्के दूर असू शकतं, हे तो पुराव्यानिशी सांगतो. अनुभवी माणसाचा अंदाज कितीही चांगला असला तरी ही हमी देऊ शकत नाही.

एका जागी मात्र शिकाऊ हमखास अडकतात. बंद गोदामातून माल जाऊ नये ही अट दोन प्रकारे लिहिता येते. एक, प्रत्येक गोदामासाठी एकच ओळ: इथून जास्तीत जास्त ३०० गावं, तीही गोदाम उघडं असेल तर. दोन, प्रत्येक गाव-गोदाम जोडीसाठी वेगळी ओळ, म्हणजे ९,००० ओळी. पहिली आटोपशीर म्हणून सगळे तीच लिहितात. पण सॉल्व्हर सुरुवातीला अर्धवट उघडी गोदामंही चालवून घेतो. १० गावांना माल देणारं गोदाम पहिल्या पद्धतीत त्याला १० भागिले ३००, म्हणजे तिसाव्या भागाने उघडलं तरी पुरतं. ९०,००० रुपये भाड्याचे तो ३,००० धरतो. या खोट्या स्वस्ताईतून बाहेर यायला त्याला तासन् तास लागू शकतात. ९,००० ओळी लिहिल्या की हीच पळवाट बंद होते आणि उत्तर बरंच लवकर येतं.

गुरोबी, सीप्लेक्स हे विकतचे सॉल्व्हर कारखाने, गोदामं, मालाचे प्रकार असं सगळं एकत्र गुंतलं की पाहावेत. तेव्हाही मांडणीची हुशारी यंत्राइतकीच कामी येते. जॉफ्रियन आणि ग्रेव्ह्ज यांनी १९७४ मध्ये एका अमेरिकी खाद्यकंपनीसाठी १७ मालगट, १४ कारखाने, ४५ संभाव्य जागा आणि १२१ ग्राहक-विभागांचा प्रश्न त्या काळच्या संगणकावर सोडवला, तो प्रश्नाचे तुकडे पाडणाऱ्या बेंडर्स पद्धतीच्या जोरावर.

वाट कुठलीही धरा, ‘कमी’ नेमकं काय करायचं हे आधी ठरवा. एकूण खर्च कमी करणारं मॉडेल गडचिरोलीच्या टोकाच्या सिरोंच्याला कायम शेवटी ठेवणार, कारण तिथे माल थोडा आणि अंतर मोठं. बिस्किटं विकत असाल तर ते समजू शकतं. औषधं किंवा पेरणीचं बियाणं असेल तर मला ते मान्य नाही. तिथे चर्च आणि रेव्हेल यांनी १९७४ मध्येच मांडलेला प्रश्न विचारावा: पाच गोदामांत ठराविक तासांच्या आत जास्तीत जास्त किती लोकांपर्यंत पोचता येईल? आणि एकही तालुका सुटायला नको असेल तर उलटा: सगळ्यांपर्यंत त्या वेळेत पोचायला कमीत कमी किती गोदामं लागतील? या दोन उत्तरांतली गोदामांची तफावत मालकासमोर रुपयांत मांडा. कुणाला सोडायचं हा निर्णय मग त्याने उघड्या डोळ्यांनी घ्यावा, सॉल्व्हरने परस्पर नाही.

माझा सल्ला असा: दहापर्यंत जागा आणि पुरेशी मोठी गोदामं असतील तर २५५ ओळींचीच रीत, फार तर हजारभर ओळी होतील. त्याहून जास्त जागा किंवा गोदामं भरण्याची अडचण असेल तर पायथन आणि फुकटचा सॉल्व्हर. पैसे खर्चायचेच असतील तर आधी भाड्याच्या आकड्यांवर खर्चा. छोटा हत्ती आणि मोठा ट्रक यांचा टनामागचा दर एक नसतो, परतीचा माल मिळतो त्या मार्गाचा दर वेगळा असतो, आणि टोल, भराई-उतराई वेगळी. मागच्या वर्षभराच्या बिल्ट्या काढून मार्गवार खरा दर लिहा. मग भाडं १० टक्के वर आणि १० टक्के खाली धरून मॉडेल पुन्हा चालवा. तिन्ही वेळा जी जागा टिकेल तिच्यावर बयाणा द्या.