पैसे आधी, खेळ नंतर

ज्या व्हिडिओ गेमवर पैसे घालवून मी फसलो, त्या गेमचं नाव सांगत नाही. नाव बदललं तरी पद्धत तीच असते, आणि सावध राहायचं ते त्या पद्धतीपासून.

विकलं काय होतं ते आधी सांगतो. ट्रेलरमध्ये एक भलंमोठं शहर होतं. त्यातली माणसं सकाळी कामाला निघायची, पाऊस आला की आडोशाला पळायची. एखाद्या दुकानातून काही चोरलंत, तर तो दुकानदार पुढच्या वेळी तुम्हाला बघून शटर ओढायचा. मंचावर कंपनीचा माणूस कंट्रोलर हातात घेऊन हे सगळं खेळून दाखवत होता. बोलता बोलता तो म्हणाला, की पूर्ण कथा मित्राबरोबर खेळता येईल. माझा सौदा त्या वाक्यावर पक्का झाला. प्री-ऑर्डर केली, म्हणजे गेम यायच्या आधीच पैसे भरले, आणि तीही महागड्या आवृत्तीची, कारण तिच्यात गेम इतरांपेक्षा काही दिवस आधी उघडणार होता.

हातात आलं ते असं. पाऊस पडतो आणि माणसं भिजत, त्याच चालीने, चालत राहतात. दुकानदाराला लुटा, बाहेर जाऊन परत या, तो हसून स्वागत करतो. मित्राबरोबर खेळायचा पर्याय मेनूत आहे, पण करडा पडलेला, वर ‘लवकरच’ अशी पाटी. गाडी वेगात नेली की पुढचा रस्ता आपण पोचल्यावर उगवतो. हे शेवटचं मी सोडूनही देईन. बग म्हणजे कोडमधल्या चुका असतात, पॅच म्हणजे दुरुस्त्या येतात. दुकानदाराचं तसं नव्हतं. नंतर काही हौशी लोकांनी गेमच्या फाइली उघडून पाहिल्या, तेव्हा पात्रांनी काही लक्षात ठेवावं अशी यंत्रणाच त्यात सापडली नाही. मंचावर दाखवलेला प्रसंग त्या प्रदर्शनापुरता बांधलेला होता.

आता रिफंड. स्टीमसारख्या ऑनलाइन गेम-दुकानांत दोन तासांच्या खेळाची मर्यादा असते, त्याहून जास्त खेळलात तर पैसे सहसा परत मिळत नाहीत. माझ्या गेममध्ये पात्राचं नाक-डोळं ठरवणं, लांबलचक चित्रफिती, एका बंद इमारतीत चाललेली शिकवणी, आणि त्याआधी शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होण्याची वाट पाहणं (तोही वेळ खेळण्यातच मोजला जातो) या सगळ्यात ते दोन तास जातात. शहराचं दार उघडतं ते त्यानंतर. म्हणजे ज्या गोष्टीसाठी पैसे दिले ती नाहीच, हे कळायच्या आत परतीची वाट बंद. योगायोग असेलही, मला तसं वाटत नाही.

अर्ज केला, यंत्राने फेटाळला. कंपनीला लिहिलं, तर ठरावीक उत्तर आलं: ट्रेलरमधली दृश्यं विकसित होत असलेल्या आवृत्तीतली होती, अंतिम गेममध्ये बदल होऊ शकतात अशी सूचना त्यात दिलेली आहे. सूचना होती खरी. खालच्या कोपऱ्यात, करड्यावर करड्या अक्षरांत, डोळ्याची पापणी लवेपर्यंत. पुढे कंपनीच्या मोठ्या माणसाचं जाहीर निवेदन आलं, त्यात खेदापेक्षा तक्रारच जास्त. खेळाडूंनी मनात भलतंच काही उभं केलं होतं म्हणे. आणि तोंडाला पानं पुसलेल्यांपैकीच कितीतरी जण ते निवेदन एकमेकांना वाचून दाखवत होते, की बरोबरच आहे, आपणच हाइप केली, नको तेवढा गाजावाजा केला.

इथे माझं डोकं फिरलं. हाइप आम्ही केली? आम्ही ट्रेलर बनवला होता का?

या युक्तिवादाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे ‘नो मॅन्स स्काय’. डिसेंबर २०१३ मध्ये एका पुरस्कार सोहळ्यात तो पहिल्यांदा दिसला. स्टुडिओ छोटासा, माणसं मोजकी, आणि आश्वासन अठरा क्विंटिलियन ग्रहांचं, म्हणजे अठरावर अठरा शून्यं. लोकांनी आपापल्या मनात विश्वं रचली हे खरंच आहे, आणि तेवढ्यापुरता दोष त्यांच्या कल्पनाशक्तीला द्यायला माझी हरकत नाही. पण स्टुडिओचे प्रमुख शॉन मरे यांना मुलाखतींमध्ये सरळ विचारलं गेलं होतं की दुसरा खेळाडू भेटू शकतो का, आणि उत्तर होतं की हो, फक्त विश्व इतकं मोठं आहे की शक्यता फार कमी. ऑगस्ट २०१६ मध्ये गेम आला आणि पहिल्याच दिवशी दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी जाऊन उभे राहिले. एकमेकांना दिसले नाहीत. आता ही ‘अवास्तव अपेक्षा’ कुणाच्या मनातून आली होती?

त्यातली पुढची गोष्ट खरेदी करणाऱ्याने नीट लक्षात ठेवावी. ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाकडे या गेमविरुद्ध २३ तक्रारी गेल्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये निकाल लागला: जाहिरात दिशाभूल करणारी नाही. कारण तपासलं गेलं ते स्टीमच्या पानावरचं साहित्य, म्हणजे तिथली चित्रं, व्हिडिओ आणि मजकूर. मुलाखतीत कोण काय बोललं हा त्या तक्रारीचा विषयच नव्हता. आपण गेम घेतो तो बहुतेक वेळा मुलाखतीतल्या वाक्यावर, आणि भांडायला जातो तेव्हा दुकानाच्या पानावर जेवढं छापलं तेवढंच मोजलं जातं. हे कळलं असतं, तर मंचावरचं ते ‘मित्राबरोबर’ विक्रीच्या पानावर नेमकं कसं लिहिलंय, हे मी आधी पाहिलं असतं.

मरे यांच्या चमूने पुढे मोफत अपडेट देत देत जुलै २०१८ मध्ये खरोखर एकत्र खेळता येईल असा गेम करून दाखवला. कौतुक आहेच. फक्त, २०१६ मध्ये पूर्ण किंमत मोजणाऱ्याने ती २०१८ च्या गेमसाठी दिली नव्हती, हे कौतुकाच्या भरात सगळे विसरतात. ‘आता बघ किती सुधारलाय’ हे उत्तर मलाही रोज ऐकवतात.

दोष कुणाचा हे ठरवायला मी एकच प्रश्न विचारतो. पैसे घेतले त्या दिवशी विकणाऱ्याला काय ठाऊक होतं?

या प्रश्नावर ‘सायबरपंक २०७७’ घासून बघा. गेम १० डिसेंबर २०२० ला आला, तोवर ८० लाख प्री-ऑर्डर झाल्या होत्या. त्याआधी समीक्षकांना प्रती दिल्या त्या फक्त पीसीच्या. स्वतः खेळताना टिपलेली दृश्यं सुरुवातीच्या परीक्षणांत दाखवायची नाहीत, कंपनीने दिलेलीच वापरायची, अशी अट होती. पीएस४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रांवर, गेमची काय अवस्था आहे हे गिऱ्हाइकाला कळलं ते पैसे देऊन. नोव्हेंबरमध्ये गुंतवणूकदारांना याच जुन्या कन्सोलबद्दल छान चालतंय असं सांगितलं होतं; डिसेंबरमध्ये त्याच गुंतवणूकदारांसमोर व्यवस्थापनाने मान्य केलं, की त्या कन्सोलसाठी जास्त वेळ हवा असल्याच्या खुणांकडे आपण दुर्लक्ष केलं. पीएस४ बनवणाऱ्या सोनीने आठवड्याभरात गेम आपल्या दुकानातून काढून टाकला, तो परत आला जून २०२१ मध्ये. नंतर अमेरिकेत दावा उभा राहिला, साडेअठरा लाख डॉलरची तडजोड झाली. आणि ती रक्कम ठरली समभागधारकांसाठी! गेमच्या गिऱ्हाइकाला मिळाला तो फार तर रिफंड.

या सगळ्यात कोड लिहिणाऱ्या पोरांना शिव्या देणारे मला पटत नाहीत. सक्तीचा जादा वेळ नसेल असं सांगणाऱ्या त्याच कंपनीने शेवटी सहा दिवसांचा आठवडा लावला होता. तारीख ठरवणारा, कुणाला कोणती प्रत द्यायची हे ठरवणारा आणि प्री-ऑर्डरचं बटण चालू ठेवणारा माणूस कोड लिहीत नसतो.

चूक आणि फसवणूक यांतला फरक पाहायचा असेल तर ‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’ पाहा, २०१३ चा. त्यातले शत्रू इतके मठ्ठ होते की सगळ्यांनी टर उडवली. काही वर्षांनी कळलं की एका फाइलमध्ये ‘टेदर’ या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्तीचं पडलंय. ते काढलं की शत्रू बऱ्यापैकी शहाणे वागतात. कुण्या दमलेल्या माणसाच्या हातून झालेली चूक, तिच्यावर मी हसेन आणि सोडून देईन. पण त्याच गेमच्या प्रदर्शनात दाखवलेला प्रकाश, तपशील आणि प्रसंग विकलेल्या गेममध्ये नव्हते, ते कुणाचं बोट चुकून झालेलं नव्हतं. ब्रिटनमध्ये तक्रार झाल्यावर तो गेम बाजारात आणणाऱ्या सेगाला मान्य करावं लागलं, की त्या ट्रेलरांवर ही दृश्यं डेमोतली असल्याची सूचना टाकू. ती कोपऱ्यातली करडी सूचना आज सगळीकडे दिसते. ग्राहकाला वाचवण्यासाठी मागितलेली पाटी आता कंपनीला वाचवते.

आणि ‘द डे बिफोर’. स्टीमच्या विशलिस्टमध्ये, म्हणजे लोकांनी घ्यायचे म्हणून नोंदवलेल्या गेमच्या यादीत, वरच्या क्रमांकांवर मिरवलेला गेम. खुल्या जगातला, हजारो खेळाडूंचा, झोंबींमधून तगून राहण्याचा म्हणून गाजवलेला. ७ डिसेंबर २०२३ ला उघडला तेव्हा निघालं भलतंच, छोटंसं. चार दिवसांत स्टुडिओने स्वतःलाच कुलूप लावलं, जानेवारीत सर्व्हरही बंद. पण बघा, तिथल्या लोकांना पैसे परत मिळाले, कारण प्रकार इतका उघडा होता की दुकानाला आणि पब्लिशरला पर्यायच उरला नाही. धोका जास्त आहे तो माझ्यासारख्या अर्ध्या फसवणुकीत. गेम चालतो, दिसतो बरा, आणि नेमकी ज्यासाठी घेतला तीच गोष्ट गायब. अशा वेळी दाद कुणाकडे मागणार?

व्हिडिओ करणाऱ्यांचाही वाटा आहे. ज्या चॅनलवर मी ‘खेळून पाहिला, थक्क झालो’ ऐकलं, त्याच्या वर्णनात ‘सौजन्याने’ हा शब्द दुमडलेल्या ओळींच्या आत होता. ठरलेल्या वेळेआधी परीक्षण न छापण्याची समीक्षकांवरची बंदी उठली तीही माझ्या आवृत्तीचं दार उघडलं त्याच घटकेला. बंदी असणं यात गैर काही नाही, समीक्षकाला निवांत खेळायला वेळ मिळतो. पण ती शेवटच्या क्षणापर्यंत ताणलेली असेल, किंवा तुमच्या यंत्रावरची प्रत कुणालाच दिलेली नसेल, तर विकणाऱ्याला काय ठाऊक आहे याचा अंदाज तुम्हीच बांधा.

खेळाडू अगदी धुतल्या तांदळासारखे नाहीत, पण त्यांचा दोष लोक सांगतात तो नव्हे. मे २०१६ मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ काही आठवडे पुढे गेला, तर मरे यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. पुढे ढकलल्याची बातमी देणाऱ्या पत्रकारालाही. २०२० मध्ये ‘सायबरपंक’ला उशीर झाला तेव्हाही हेच. ज्याने ‘अजून तयार नाही’ असं खरं सांगितलं त्याच्या अंगावर धावून जायचं, आणि कच्चा गेम वेळेवर विकणाऱ्याला ‘पॅच येईल’ म्हणून सांभाळून घ्यायचं. मग तारीख ठरवणाऱ्याने यातून काय शिकावं?

स्वतःला वाचवायचं तर एवढं करा. डिजिटल प्रत कधी संपत नाही, त्यामुळे आधी पैसे देण्याचं जे कारण दुकान सांगतं (पोशाख, नाणी, काही दिवस आधी प्रवेश) ते तेवढ्यासाठीच बनवलेलं असतं. स्टीमवर प्री-ऑर्डर गेम येईपर्यंत कधीही रद्द करता येते. नंतर चौदा दिवस आणि दोन तासांची मर्यादा. ‘आधी प्रवेश’मध्ये खेळलेला वेळही एप्रिल २०२४ पासून त्या दोन तासांत धरला जातो, तेव्हा ती सवलत समजू नका. गेम उघडायच्या आधी घड्याळ लावा. शिकवणी संपत नसेल तर बंद करा, आणि तुमच्याच कन्सोलवर किंवा ग्राफिक्स कार्डवर दुसऱ्या कुणी न कापता टाकलेलं चित्रण शोधून पुढचा भाग तिथे बघा.

आणि विक्रीचं पान आजच टिपून ठेवा, तारखेसकट. माझ्या गेमच्या पानावर ‘दोन खेळाडू, संपूर्ण कथा’ अशी ओळ होती. गेम आला त्या सुमारास ती गुपचूप नाहीशी झाली. एका मित्राने योगायोगाने ते पान जुन्या दिवसात टिपलेलं होतं. तो स्क्रीनशॉट जोडून, ट्रेलरबद्दल अवाक्षरही न काढता, फक्त ‘पैसे घेताना पानावर असलेली गोष्ट दिलेली नाही’ एवढंच लिहून पुन्हा अर्ज केला. या वेळी उत्तर माणसाने लिहिलेलं होतं. गेमचे पैसे परत आले. महागड्या आवृत्तीतल्या पोशाखांचे आणि नाण्यांचे आले नाहीत, कारण ती ‘वापरली गेली’ असं त्यांचं म्हणणं. गेम पहिल्यांदा उघडताच ती आपोआप खात्यात जमा होतात.