चॅनेल, स्वतःची फिल्म की दुसऱ्याचं काम? स्वतंत्र क्रिएटरने सुरुवात कुठून करावी

फिल्म आणि मनोरंजनाच्या क्षेत्रात स्वतःच्या बळावर उभं राहायचं ठरवलेल्या माणसासमोर आज ढोबळमानाने तीन वाटा असतात. स्वतःचं चॅनेल काढून थेट प्रेक्षकांपर्यंत जायचं, ही पहिली. शॉर्ट फिल्म किंवा फीचर (पूर्ण लांबीची फिल्म) करून ती फेस्टिव्हलना पाठवायची आणि तिथून पुढचं दार उघडायचं, ही दुसरी. तिसरी वाट म्हणजे प्रॉडक्शन हाऊस, एजन्सी किंवा ओटीटीसाठी लिहायचं, शूट करायचं, एडिट करायचं आणि त्या पैशांवर स्वतःचं काम चालू ठेवायचं.

यात पैसा कशात जास्त, हे सगळे पहिल्यांदा विचारतात. माझ्या मते त्याआधी विचारायला हवं ते हे, की पाच वर्षांनी यातलं माझ्या मालकीचं काय असेल? तीनही वाटांवर मेहनत सारखीच लागते, पण या प्रश्नाचं उत्तर तिन्हीकडे फार वेगळं येतं.

पहिला प्रेक्षक कधी भेटतो

चॅनेलवर तो त्याच रात्री भेटतो. व्हिडिओ टाकल्यावर यूट्यूब स्टुडिओत एक आलेख दिसतो. कितव्या सेकंदाला किती जण उरले, ते त्यात कळतं. आपण जीव ओतून केलेला नावांचा मोंताज (झरझर बदलणाऱ्या दृश्यांची मालिका) सुरू होतो आणि रेष तिथेच खाली घसरते. पुढच्या व्हिडिओत तो मोंताज आपोआप गळून पडतो. ही शिकवणी कुठल्याही फिल्म स्कूलमध्ये इतक्या लवकर मिळत नाही. मात्र लोक कुठे उठून गेले एवढंच तो आलेख सांगतो, का गेले ते सांगत नाही. त्याच्याच मागे लागलं की पहिल्या तीस सेकंदांत सगळं ओरडून सांगायची सवय जडते. शांतपणे उलगडणारा प्रसंग लिहायचा हात मग हळूहळू जातो.

फिल्मचा हिशोब याच्या उलट. बारा मिनिटांची शॉर्ट फिल्म घ्या. लेखन, शूट, एडिट, मग कट लॉक (म्हणजे एडिट पक्का), त्यावर साउंड मिक्सिंग आणि डीआय (रंगांचं अंतिम काम) हे सगळं उरकलं की फेस्टिव्हलच्या तारखा सुरू होतात. प्रवेशिका पाठवायच्या, काही महिने थांबायचं आणि निवड झालीच तर आणखी काही आठवड्यांनी स्क्रीनिंग. पहिला अनोळखी प्रेक्षक भेटेपर्यंत वर्ष सहज उलटतं. क्रिस्टोफर नोलनची १९९८ची पहिली फीचर फिल्म सुमारे वर्षभर शनिवार-रविवारी शूट होत होती, कारण बाकी दिवस सगळ्यांच्याच नोकऱ्या होत्या. फिल्म स्टॉक वाचावा म्हणून प्रसंगांच्या आधी कसून तालमी व्हायच्या आणि एक-दोन टेकमध्ये काम संपवलं जायचं. हा धीर ज्याच्याकडे आहे, त्यानेच या वाटेला जावं.

आणि दारावरची गर्दीही लक्षात असू द्या. अमेरिकेतल्या सनडान्स या नामवंत फेस्टिव्हलला २०२४ मध्ये एकट्या फीचर फिल्मच सुमारे ४,४०० आल्या होत्या आणि निवडल्या गेल्या शंभरहून कमी. तिथे नकार आला म्हणून काम वाईट ठरत नाही. पण 'तिथे निवड होईल' या एकाच गृहीतकावर घरखर्चाचं गणित बसवणं धोक्याचं आहे.

तरी एक गोष्ट फक्त हॉलमध्येच मिळते. शेवटच्या रांगेत बसून आपली फिल्म पन्नास अनोळखी लोकांबरोबर बघितली की कुठल्या संवादाला खुर्च्या करकरल्या आणि कुठे सगळे एकदम गप्प झाले, ते अंगावर येतं. ते एकदा अनुभवलेल्या माणसाचा पुढचा एडिट वेगळा होतो.

पैसा येतो कुठून

यूट्यूबवर जाहिरातीतला पूर्ण वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचा वॉच टाइम लागतो, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. मेंबरशिपसारख्या सोयी ५०० सबस्क्रायबरपासून, थोड्या सौम्य अटींवर सुरू होतात. लांब व्हिडिओंच्या जाहिरातींतले ५५ टक्के क्रिएटरला मिळतात. शॉर्ट्समध्ये संगीताचा भाग वेगळा काढून क्रिएटरांच्या वाट्याला आलेल्या रकमेतले ४५ टक्के.

आकडे ऐकायला बरे वाटतात. गोची पुढे आहे. कॅमेऱ्यासमोर एकटा बसून बोलणारा माणूस आणि चार कलाकार, साउंड रेकॉर्डिस्ट, लोकेशन घेऊन स्केच करणारी टीम, दोघांनाही वाटा याच टक्केवारीने मिळतो. खर्च मात्र कित्येक पटींनी वेगळा. म्हणून नुसत्या जाहिरातींवर फिक्शन चालवणं जवळपास अशक्य होतं. ज्यांचं जमतं, त्यांचं लिखाणच त्या हिशोबाचं असतं. एकच जागा, दोन-तीन नेहमीची पात्रं, एका दिवसात दोन भाग शूट होतील अशी मांडणी. शिवाय जाहिरातींचे दर वर्षअखेरीला चढतात आणि जानेवारीत उतरतात, त्यामुळे डिसेंबरचा आकडा बघून कोणी नोकरी सोडू नये. स्थिर उत्पन्न येतं ते स्पॉन्सरशिपमधून आणि नियमित पैसे देणाऱ्या चाहत्यांकडून. चाहत्यांना क्रिएटरला नियमित पैसे देता येतील असं पॅट्रिऑन २०१३ साली सुरू करणाऱ्यांपैकी जॅक काँटे स्वतः यूट्यूबवरचा संगीतकार होता. लाखो व्ह्यूज आणि हातात येणारी किरकोळ रक्कम यांचा मेळ बसेना, त्यातूनच ती कल्पना निघाली.

शॉर्ट फिल्ममधून पैसा जवळजवळ येत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. ती ओळखपत्र म्हणून करायची. फीचरमध्ये येतो, पण निर्मात्यापर्यंत पोचेपर्यंत तो बऱ्याच हातांतून जातो. थिएटर आपला वाटा घेतं, वितरक कमिशन घेतो, प्रसिद्धीचा खर्च वळता होतो, सेल्स एजंट, म्हणजे फिल्मचे हक्क विकून देणारा मध्यस्थ, आपलं कमिशन आणि खर्च कापतो, मग गुंतवणूकदाराची परतफेड होते आणि उरलं तर तुमचं. म्हणून सेल्स एजंटच्या करारात दोन ओळी आवर्जून शोधाव्यात. वळता करायच्या खर्चाला कमाल मर्यादा आहे का आणि करार किती वर्षांचा आहे? मर्यादा नसेल तर विक्री होऊनही तुमच्या खात्यात शून्य दिसू शकतं. वितरक एमजी, म्हणजे मिनिमम गॅरंटी देत असेल, तर ती छोटी असली तरी माझा कौल तिलाच. २०१९ मध्ये स्वतंत्र फिल्म वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मवर पोचवणारी एक नावाजलेली अ‍ॅग्रीगेटर कंपनी कोसळली आणि अनेक फिल्ममेकर्सची कमाई तिच्याकडेच अडकली. टक्केवारी कागदावर उत्तम होती, पैसे आलेच नाहीत.

दुसऱ्याच्या कामात ही धाकधूक सगळ्यात कमी. अ‍ॅडव्हान्स, पहिल्या ड्राफ्टला काही, लॉक केलेल्या कटला बाकीचे. पण ते काम तुमचा काही दोष नसतानाही थांबतं. २०२३ साली हॉलिवूडमधल्या लेखकांचा संप १४८ दिवस चालला आणि संपाशी संबंध नसलेल्या एडिटर, लाइटमन, व्हीएफएक्स कलाकारांचीही कामं बंद पडली. म्हणून काम मध्येच रद्द झालं तर किती रक्कम मिळणार, ते करारात आधीच लिहून घ्यावं. चांगले निर्माते या मागणीला नकार देत नाहीत.

मालकी

खरा फरक इथे आहे.

चॅनेलवर टाकलेल्या व्हिडिओचा कॉपीराइट तुमचाच राहतो, प्लॅटफॉर्मला फक्त दाखवण्याचा परवाना मिळतो. पात्रं तुमची, नाव तुमचं, उद्या त्यावर सीरिज निघाली तर हक्क तुमचे. अपवाद उसन्या संगीताचा. परवानगी न घेता वापरलेलं गाणं कंटेंट आयडीने, म्हणजे यूट्यूबच्या आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेने, पकडलं की त्या व्हिडिओची कमाई गाण्याच्या मालकाकडे वळू शकते. मात्र व्हिडिओ तुमचा असला तरी प्रेक्षक तुमचा नसतो, तो प्लॅटफॉर्मचा असतो. वाइन हे व्हिडिओ अ‍ॅप जानेवारी २०१७ मध्ये बंद झालं, तेव्हा सहा सेकंदांच्या व्हिडिओंवर नाव कमावलेल्यांना दुसरीकडे पुन्हा पहिल्यापासून जमवाजमव करावी लागली. जून २०२०च्या अखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा कोट्यवधी फॉलोअर असलेली खाती एका रात्रीत निरुपयोगी झाली. म्हणून चॅनेल काढणाऱ्याने पहिल्या महिन्यापासून ईमेल यादी सुरू करावी. कंटाळवाणं काम आहे, पण प्लॅटफॉर्म बदलला तरी सोबत येते ती तेवढीच.

स्वतःच्या फिल्मची मालकी पूर्ण असते, पण ती कागदावर सिद्ध करता आली पाहिजे. घेणारा पहिल्यांदा विचारतो, कथेपासून संगीतापर्यंत सगळ्यांचे हक्क तुमच्याकडे आल्याचे कागद दाखवा. मित्राने प्रेमाने पार्श्वसंगीत करून दिलेलं असतं, सहलेखकाशी सगळं तोंडी ठरलेलं असतं, ज्या घरात शूट केलं त्या घरमालकाची एनओसी नसते. फिल्म तयार झाल्यावर, आणि विशेषतः तिला गिऱ्हाईक आल्यावर, या सह्या मागणं फार अवघड जातं. मैत्रीही तुटते. शूटच्या पहिल्या दिवशी चहाच्या आधी सह्या घ्या, हा माझा आग्रह आहे.

फिल्मची कथा कोणी ऑप्शनवर मागितली तर घाबरायचं कारण नाही. ऑप्शन म्हणजे ठरावीक मुदतीसाठी, बहुतेक वेळा वर्ष-दीड वर्षासाठी, ती कथा राखून ठेवण्याचा हक्क. बघायचं इतकंच, की मुदतवाढ किती वेळा आणि किती रकमेला, शेवटची खरेदी किंमत लिहिली आहे का, आणि मुदत संपली की हक्क आपोआप परत येतात का.

दुसऱ्यासाठी काम करताना बहुतेक करारांत काम सुरुवातीपासूनच कंपनीच्या मालकीचं असतं. अशा करारातलं एक वाक्य बघा: 'सध्या ज्ञात असलेल्या आणि भविष्यात शोध लागणाऱ्या सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी.' ही अतिशयोक्ती वाटली तरी करारांमधली ही रोजची भाषा आहे आणि तिचा अर्थ तंतोतंत तोच आहे. सीक्वेल, रिमेक, त्या पात्राची कॉमिक बुक, सगळं त्यात आलं. नवख्या माणसाला हे वाक्य बदलून मिळणं कठीण. पण चार गोष्टी मागता येतात आणि पुष्कळदा मिळतात: पडद्यावर ठरलेल्या शब्दांत श्रेयनाम, शोरीलमध्ये (आपल्या कामाच्या नमुना व्हिडिओत) काम दाखवायची परवानगी, ठरावीक काळात निर्मिती झाली नाही तर कथा परत, आणि सीक्वेल झाला तर लेखनासाठी पहिली विचारणा तुम्हाला.

माझं ठाम मत असं, की दुसऱ्याला कौशल्य द्या, तुमची सर्वांत आवडती कथा देऊ नका. एडिट विका, सिनेमॅटोग्राफी विका, त्यांच्या कल्पनेवर संवाद लिहून द्या. जी गोष्ट तुम्हाला रात्री झोपू देत नाही, ती पहिल्या करारात घालवू नका.

एका वाटेवरून दुसरीकडे

हे होतं, आणि उदाहरणं ठळक आहेत. स्वीडनच्या डेव्हिड सँडबर्गने २०१३ साली बायकोला घेऊन घरातच जेमतेम तीन मिनिटांची भयपट शॉर्ट फिल्म केली. दिवा विझला की दिसणारी आणि लावला की नाहीशी होणारी आकृती, एवढीच कल्पना. ती इंटरनेटवर पसरली आणि २०१६ मध्ये त्याच कल्पनेवरची फीचर त्यानेच दिग्दर्शित केली. अमेरिकन लेखिका-अभिनेत्री इसा रेची वेब सीरिज २०११ साली यूट्यूबवर आली, एचबीओवरची मालिका २०१६ मध्ये. ऑस्ट्रेलियातले फिलिपू बंधू कित्येक वर्षं यूट्यूबवर स्टंट आणि मारधाडीचे व्हिडिओ करत होते. त्यांची पहिली फीचर २०२३च्या सनडान्समध्ये दाखवली गेली आणि ए२४ या अमेरिकन कंपनीने अमेरिकेतल्या वितरणासाठी घेतली. या तिघांकडेही निर्मात्याला दाखवण्यासारखी, एका वाक्यात कळणारी ओळख होती. नुसते सबस्क्रायबर दाखवून फीचर मिळत नाही.

उलट्या दिशेने जाताना मात्र एक चूक महाग पडते. फिल्म उत्साहात आधी ऑनलाइन टाकली की अनेक मोठ्या फेस्टिव्हलची दारं बंद होतात, कारण त्यांना प्रीमियर हवा असतो. ऑस्करच्या शॉर्ट फिल्म विभागांतही पात्रता मिळण्याआधी ऑनलाइन आलेली फिल्म बाद ठरते. फेस्टिव्हलचा फेरा पूर्ण करून मग अपलोड करता येतं. आधी अपलोड केलं, तर परत फिरता येत नाही.

मग कोणी काय घ्यावं

बोलण्यात, विनोदात किंवा समजावून सांगण्यात हातखंडा आहे, दर आठवड्याला तेच स्वरूप नव्याने करायचा कंटाळा येत नाही, त्याने चॅनेल काढावं. उत्पन्नाची अपेक्षा मात्र पहिलं वर्षभर ठेवू नये.

एकच कथा डोक्यात ठाण मांडून आहे आणि ती मोठ्या पडद्याचीच आहे, अशा माणसाने चॅनेलच्या नादी लागून दोन वर्षं घालवू नयेत. त्याने छोटी शॉर्ट फिल्म करावी. दहा मिनिटांच्या आत, कारण फेस्टिव्हलच्या कार्यक्रमात तिला जागा मिळणं सोपं जातं. प्रवेशिकांची फी आणि साउंडचा खर्च बजेटमध्ये आधी बाजूला काढावा, कॅमेऱ्याच्या भाड्याचं नंतर बघावं. चित्र थोडं साधं असलेलं प्रेक्षक चालवून घेतो, ऐकू न येणारा संवाद चालवून घेत नाही.

ज्याच्यावर घर अवलंबून आहे आणि सहा महिन्यांचा खर्च शिल्लक नाही, त्याने बिनदिक्कत तिसरी वाट धरावी. एडिटिंग किंवा साउंड शिकला तर काम वर्षभर मिळत राहतं आणि दुसऱ्यांचे रशेस (शूट झालेलं कच्चं फुटेज) बघताना दिग्दर्शन फुकटात शिकायला मिळतं. फक्त आठवड्यातला एक दिवस स्वतःच्या लिखाणासाठी राखलेला असावा आणि त्या दिवशी क्लायंटचा फोन घ्यायचा नाही, हे पहिल्याच कामाच्या वेळी सांगून ठेवावं.